साखरेवरची बुरशी, कातडीवरची बुरशी

नायटा मधून बरा होत जातो आणि कडेनं पसरतो, हे ज्याला झालाय त्याला सांगावं लागत नाही. आधी जांघेत किंवा परकराच्या नाडीखाली रुपयाएवढा लालसर डाग उठतो. मग त्याची कड उचलली जाते, तिच्यावर खवले धरतात, आणि मधली कातडी जवळजवळ नेहमीसारखी दिसू लागते. त्वचारोगतज्ज्ञ तपासणीसाठी नमुना घेतात तो या कडेचाच. बोथट पात्यानं खरवडून काढलेले खवले काचपट्टीवर ठेवायचे, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावणाचा थेंब सोडायचा, पट्टी जराशी ऊबवायची आणि थोडा वेळ थांबायचं. कातडीच्या पेशी विरघळून फिकट होतात आणि त्यांच्यातून आरपार गेलेले तंतू उठून दिसतात. त्यांना आडवे पडदे असतात, मध्येच फांद्या फुटलेल्या असतात. काही तंतूंचे आखूड, चौकोनी तुकडे पडत चाललेले असतात. हेच तुकडे गळलेल्या खवल्यांबरोबर टॉवेलवर, चादरीवर आणि तिथून घरातल्या दुसऱ्याच्या अंगावर जातात.

बुरशी आहे, एवढं सूक्ष्मदर्शक सांगतो. ती या घडीला काय खाते आहे, कोणता रस सोडते आहे, लावलेल्या औषधाला कशी तोंड देते आहे, हे त्याच्यातून दिसत नाही. त्यासाठी तिची कोणती जनुकं चालू आहेत आणि कोणती बंद, हे पाहावं लागतं. शास्त्रीय भाषेत याला जनुक अभिव्यक्ती म्हणतात. गेल्या वीसेक वर्षांत ती मोजणं बरंच सोपं झालं, आणि त्यातून एक अडचणीची गोष्ट पुढे आली. बशीत वाढवलेली बुरशी आणि माणसाच्या अंगावरची बुरशी एकाच जातीची असली, तरी त्या वागतात वेगवेगळ्या.

बशीचा विषय निघाला की रेमों साबुरो यांचं नाव घ्यावंच लागतं. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातल्या या डॉक्टरांनी डोक्याच्या, अंगाच्या आणि नखांच्या बुरशी वर्षानुवर्षं वाढवून, निरखून १९१० मध्ये त्यांच्यावरचा जाडजूड ग्रंथ काढला. त्यांनी बेतलेलं खाद्यमाध्यम जगभरच्या प्रयोगशाळांत आजही त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. मूळच्या कृतीत माल्टोज साखर होती. आजच्या नेहमीच्या कृतीत लिटरमागे ४० ग्रॅम ग्लुकोज असतं, थोडं पेप्टोन असतं आणि आम्लता ५.६ च्या आसपास राखलेली असते. त्यावर ट्रायकोफायटन रुब्रम ही माणसाच्या अंगावरची जगभर सर्वाधिक आढळणारी बुरशी वाढवली, की वरून कापसासारखी पांढरी आणि बशी उलटी केली तर खालून गर्द लाल दिसते. ओळख पटवायला ही व्यवस्था उत्तम आहे. पण ग्लुकोजनं भरलेल्या बशीत पोसलेली बुरशी कातडी कशी खाते हे तिच्याकडूनच शिकायचं म्हटलं, तर पंचाईत होते.

कारण कातडी हे खाणं सोपं नाही. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो आणि त्या केराटिन नावाच्या प्रथिनानं भरलेल्या असतात. केस आणि नखं तर जवळजवळ त्याचीच. केराटिन पाण्यात विरघळत नाही आणि पोटातल्या नेहमीच्या पाचक रसांना दाद देत नाही, म्हणून गिळलेला केस जसाच्या तसा बाहेर पडतो. निसर्गात फार थोड्या जीवांना ते पचवता येतं. ट्रायकोफायटन, मायक्रोस्पोरम आणि एपिडर्मोफायटन ही बुरशींची भावकी त्यांतली. तिला डर्मॅटोफाइट म्हणतात. काही जाती मातीत पडलेल्या केसांवर आणि पिसांवर जगतात, काही गाईगुरांच्या, कुत्र्यामांजरांच्या अंगावर, आणि रुब्रमसारख्या काहींनी माणूसच निवडलाय.

२०११ आणि २०१२ मध्ये या भावकीतल्या अनेक जातींचे संपूर्ण जनुकसंच वाचून झाले. रुब्रमच्या संचात सुमारे सव्वादोन कोटी अक्षरं आणि आठ हजारांहून अधिक जनुकं निघाली. प्रथिनं तोडणाऱ्या विकरांची, म्हणजे एन्झाइमची, जनुकं त्यांत भरपूर होती, आणि ते अपेक्षितही होतं. पण जनुकांची यादी म्हणजे मांडणीवरची भांडी. आज घरात काय शिजतंय, हे चुलीवर कोणतं भांडं चढलंय त्यावरूनच कळतं.

जनुक चालू झालं की त्याची आरएनएच्या रूपात नक्कल निघते, आणि त्या नकलेवरून पेशी प्रथिन बनवते. म्हणून पेशीतला सगळा आरएनए गोळा करून कोणत्या जनुकाच्या किती नकला आहेत हे मोजलं, की त्या क्षणाचा जमाखर्च हाती येतो. पूर्वी हे काम एकेका जनुकासाठी करावं लागे. मग काचेच्या पट्टीवर हजारो जनुकांचे ठिपके बसवलेले मायक्रोअॅरे आले, आणि आता सगळ्या नकला सरळ वाचूनच काढतात. आरएनए हा मोठा नाजूक ऐवज आहे. तो झपाट्यानं तुटतो, म्हणून नमुना हाती पडताच गोठवावा लागतो. त्यातून बुरशीची पेशीभिंत चिवट. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून तिची पूड केल्याशिवाय आतलं काही सुटत नाही.

आता केराटिनकडे येऊ. त्याच्या साखळ्यांत सिस्टीन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल भरपूर असतं, आणि शेजारच्या दोन सिस्टीनमधले गंधकाचे अणू एकमेकांना जोडले जाऊन साखळ्यांमध्ये पूल बांधतात. केसाचा ताठपणा आणि नखाचा कडकपणा यांत या पुलांचा मोठा वाटा असतो. ब्यूटी पार्लरमध्ये केस कायमचे कुरळे करतात तेव्हा रसायनानं आधी हेच पूल तोडतात, केसाला हवा तो आकार देतात आणि मग पूल पुन्हा बांधतात. पूल शाबूत असेपर्यंत प्रथिन तोडणाऱ्या विकराला साखळीत शिरायला जागाच मिळत नाही.

बुरशी हे पूल तोडते ते सल्फाइटनं. १९७० च्या दशकात चेक संशोधक कुनर्ट यांनी दाखवून दिलं होतं, की केराटिनवर वाढणारी डर्मॅटोफाइट बुरशी बाहेर सल्फाइट सोडते आणि त्यानं गंधकाचे पूल तुटतात. ती सल्फाइट आणते कुठून, आणि ते पेशीबाहेर काढते कसं, याचा उलगडा व्हायला मात्र बराच काळ गेला. जर्मनीतल्या येना शहरात पेटर श्टाइब यांच्या गटानं २०१३ मध्ये दोन जनुकांवर बोट ठेवलं. एकाचं नाव सीडीओ१. त्याचं विकर सिस्टीनचं ऑक्सिडीकरण करतं, आणि त्या वाटेनं पुढे सल्फाइट तयार होतं. दुसरं एसएसयू१. हा पेशीच्या पडद्यातला पंप सल्फाइट बाहेर फेकतो. दोन्हींपैकी एक जरी जनुक काढून टाकलं, तरी बुरशीला केस आणि नखं खाता येईनात.

यातली गंमत अशी, की सिस्टीन जास्त झालं तर ते बुरशीला स्वतःलाच विषारी ठरतं आणि सल्फाइटही तसंच. केराटिन खायला लागलं की सिस्टीनचा पूर येणारच. त्या विषाचा निचरा करायचा तर त्याचं सल्फाइट करायचं आणि ते बाहेर काढायचं. बाहेर गेलेलं सल्फाइट आणखी पूल तोडतं, त्यातून आणखी सिस्टीन मोकळं होतं. सिस्टीन वाढलं की ही जनुकंही जोरात चालू होतात. म्हणजे मुळात घाण बाहेर टाकायची सोय, आणि तिचंच शिकारीचं हत्यार झालं. मला स्वतःला या सगळ्या विषयातला हा भाग सर्वांत देखणा वाटतो.

पूल तुटले की विकरांची फौज आत शिरते. सबटिलायसिन नावाच्या घराण्यातली डझनभर जनुकं या बुरशींकडे आहेत. ती सब१, सब२, सब३ अशी क्रमानं ओळखली जातात. धातूच्या अणूवर चालणारी मेप घराण्यातली पाच आहेत. ही दोन्ही घराणी साखळी मधूनच कापतात. मग टोकाकडून एकेक, दोन-दोन अमिनो आम्लं तोडणारी दुसरी विकरं येतात आणि तुकड्यांचा चुरा करतात. तो चुरा पेशीच्या आत जातो. बाहेर ग्लुकोज मुबलक असेल, तर ही प्रथिनं तोडणारी जनुकं बहुतांशी दबलेली राहतात, कारण आयतं गोड मिळत असताना एवढा खटाटोप कशाला? साबुरोंच्या बशीतल्या बुरशीकडून कातडी खाण्याचं तंत्र शिकण्यात पंचाईत होते ती इथे.

बाहेरच्या आम्लतेप्रमाणेही जनुकं बदलतात. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण ५ च्या आसपास. बुरशी पहिल्यांदा बसते ती या आम्ल वातावरणात, आणि तिथे चालणारी विकरं सोडते. पुढे अमिनो आम्लं खाताना तिच्याकडून अमोनिया सुटतो आणि भोवतालचा पीएच ८ च्या पुढे चढतो. केराटिनवर तुटून पडणारी सबटिलायसिन आणि मेप विकरं याच अल्कधर्मी वातावरणात जोमानं चालतात. हा बदल ओळखून जनुकांची पाळी बदलणारं एक प्रथिन बुरशीकडे आहे, पॅकसी नावाचं. ब्राझीलमध्ये रिबेराँव प्रेतो इथल्या संशोधकांनी २००६ मध्ये रुब्रममधलं पॅकसीचं जनुक मोडून पाहिलं. मोडक्या पॅकसीची बुरशी एरवी वाढत होती, पण माणसाच्या नखाच्या तुकड्यावर ठेवली की तिची डाळ शिजेना.

इथवरचं चित्र छान जुळून येतं. केराटिन ओळखायचं, पूल तोडायचे, पीएच चढवायचा, विकरं सोडायची. साखरेऐवजी केराटिनची पूड घातलेल्या बाटलीत बुरशी वाढवली आणि आरएनए मोजला, तर सब३ आणि सब४ ही जनुकं सगळ्यांच्या वर चढलेली दिसतात. त्यावरून हीच दोन रोगाची मुख्य हत्यारं असणार, असा तर्क कोणीही केला असता, आणि तो बरीच वर्षं चाललाही.

जिवंत त्वचेवर पाहायचं तर प्रश्न येतो कोणाच्या. रुब्रम माणसाला इतकी धार्जिणी की इतर प्राण्यांच्या अंगावर ती धड रुजत नाही. म्हणून संशोधकांनी तिची चुलत बहीण घेतली, आर्थ्रोडर्मा बेनहामी. आता तिलाही ट्रायकोफायटनच म्हणतात. ती गिनीपिगच्या अंगावर राहते आणि तिथून माणसावरही येते. युरोपात घरात गिनीपिग पाळणाऱ्या मुलांना तिचा चांगलाच प्रसाद मिळतो. श्टाइब यांचा गट आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे मिशेल मोनो यांनी मिळून गिनीपिगच्या त्वचेवर या बुरशीचा संसर्ग घडवला आणि त्या त्वचेतून बुरशीचा आरएनए काढला. हे बोलायला सोपं आहे. प्रत्यक्षात अशा नमुन्यात प्राण्याच्या पेशींचा आरएनए बुरशीच्या मानानं प्रचंड असतो आणि बुरशीच्या वाट्याचं शोधून काढावं लागतं.

२०१० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत केराटिनच्या बाटलीतले मानकरी, सब३ आणि सब४, कुठल्या कुठे मागे पडले होते. संसर्गात जोरात चालू होतं ते सब६, आणि बाटलीत याच सब६ कडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. शिवाय चरबी पचवताना लागणाऱ्या एका रासायनिक वाटेची जनुकं चढलेली होती. आणि ज्यांचा रोगाशी काही संबंध असेल असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं अशी काही जनुकंही जागी झालेली होती. त्यातलं एक तर ऑप्सिन या प्रकाशग्राही प्रथिनाशी नातं सांगणारं निघालं. कातडीतल्या बुरशीला उजेडाशी काय देणंघेणं, कोण जाणे.

सब६ ची गोष्ट माणसातही खरी ठरली. २०१६ मध्ये बुरशी लागलेल्या माणसांच्या नखांमधली प्रथिनं तपासली, तेव्हा रुब्रमनं सोडलेल्या प्रथिनांत सब६ ठळकपणे सापडलं, इतकं की नखाच्या बुरशीची खूण म्हणून ते वापरता येईल असं सुचवलं गेलं. हेच प्रथिन अॅलर्जीच्या अभ्यासकांना आधीपासून वेगळ्या नावानं माहीत होतं. रुब्रमची अॅलर्जी असलेल्या काही लोकांचं शरीर त्यालाच ओळखतं. म्हणजे ते माणसाच्या अंगावर तयार होतं याची साक्ष रुग्णांचं रक्त केव्हापासून देत होतं. बाटलीकडे पाहणाऱ्यांनी ती विचारली नव्हती.

पण जनुक चालू दिसलं म्हणजे ते रोगाला लागतंच, असंही नाही. चरबी पचवण्याच्या त्या वाटेवर मॅलेट सिंथेज नावाचं एक विकर आहे. संसर्गात त्याचं जनुक चढलेलं पाहून हाच बुरशीचा मर्मबिंदू असणार, असं वाटणं स्वाभाविक होतं. २०११ मध्ये त्याच गटानं ते जनुक काढून टाकलेली बुरशी गिनीपिगवर सोडली. बशीतल्या चरबीवर तिची वाढ खुंटली, पण गिनीपिगला ती मूळ बुरशीइतकाच रोग देत राहिली. बुरशी संधी दिसेल तिथे दहा दिवे लावून ठेवते आणि त्यातले काही विझले तरी तिचं अडत नाही. आरएनएच्या तक्त्यावर मोठा दिसणारा आकडा पाहून औषधाचं लक्ष्य सापडलं म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग नजरेआड करू नये.

औषधांच्या बाबतीत या विषयाची धग आपल्याकडे फार जवळून लागली आहे. साधारण २०१४ नंतर देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांना एक बदल जाणवू लागला. एरवी दोन-चार आठवड्यांच्या मलमानं हटणारा नायटा हटेना. अंगभर मोठमोठी चकंदळं, घरातले सगळे एकाच वेळी आजारी, औषध बंद केलं की महिन्याभरात पुन्हा सुरू. बुरशीही बदललेली होती. रुब्रमची जागा मेंटाग्रोफायटिस गटातल्या एका वाणानं घेतली होती. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून तिला वेगळी जात मानून ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव दिलं. भारताचं नाव असं बुरशीला चिकटलेलं अनेकांना रुचलं नाही, आणि ती खरंच वेगळी जात आहे की नाही यावरही अभ्यासकांत वाद आहे. २०२३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये तिचे दोन रुग्ण अधिकृतपणे नोंदवले गेले. त्यातली एक स्त्री अलीकडे परदेशी गेलेलीच नव्हती.

या बुरशीवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध अनेकदा चालत नाही. टर्बिनाफिन बुरशीचं स्क्वालीन इपॉक्सिडेज हे विकर अडवतं. त्यामुळे तिच्या पेशीपडद्याला लागणारं अर्गोस्टेरॉल बनत नाही आणि स्क्वालीन आत साचून राहतं. इंडोटिनीच्या पुष्कळ नमुन्यांत या विकरातलं ३९७ व्या जागेवरचं अमिनो आम्ल बदललेलं आहे, फेनिलअॅलनिनच्या जागी ल्यूसिन. एवढ्या एका बदलानं औषधाला धरायला जागाच उरत नाही. हा बदल जनुकाच्या अक्षरांत झालेला आहे. जनुक चालू-बंद होण्याशी त्याचा संबंध नाही, आणि तो पिढ्यान् पिढ्या तसाच राहतो.

दुसरे मार्ग मात्र थेट अभिव्यक्तीचे आहेत. बुरशीच्या पडद्यात औषध बाहेर फेकणारे पंप असतात, एमडीआर या नावाचे. औषधाचा संपर्क येताच त्यांच्या नकला वाढतात. ब्राझीलच्याच संशोधकांनी रुब्रममधला एमडीआर२ मोडला, तेव्हा ती टर्बिनाफिनला जास्त बळी पडू लागली. इंडोटिनीत आणखी एक युक्ती सापडली. इट्राकोनॅझोलसारखी औषधं ज्या विकराला अडवतात, त्याचं सीवायपी५१बी हे जनुक काही नमुन्यांत एकाऐवजी अनेक प्रतींत, एकापुढे एक असं मांडलेलं दिसलं. प्रती जास्त म्हणजे नकला जास्त आणि विकरही जास्त. औषध पुरं पडत नाही ते त्यामुळे.

हे सगळं फोफावायला मदत झाली ती मलमांची. स्टेरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक एकत्र घातलेली मलमं वर्षानुवर्षं औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळत आली. लावली की दोन दिवसांत खाज आणि लाली जाते. कारण स्टेरॉइड त्वचेचा प्रतिकार दाबतं, आणि खाज व लाली हा त्या प्रतिकाराचाच भाग आहे. बुरशी तिथेच राहते आणि निवांत पसरते. कडेची ती ओळखीची वर्तुळं पुसट होतात आणि तज्ज्ञालाही निदान करताना डोकं खाजवावं लागतं. अशा वेषांतर केलेल्या नायट्याला वैद्यकात १९६८ पासून स्वतंत्र नावही आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून नियम कडक केले. गल्लीतल्या दुकानात त्या नियमाचं काय होतं, हे वाचकांनीच पाहिलं असेल.

एखाद्या रुग्णाच्या बुरशीवर कोणतं औषध चालेल, हे आता मोठ्या प्रयोगशाळांत तपासता येतं. युरोपीय समितीनं ट्रायकोफायटनसाठी ठरवून दिलेल्या पद्धतीत बुरशी औषधाच्या वेगवेगळ्या मात्रांसह एका पोषक द्रावणात वाढवतात आणि कोणत्या मात्रेला तिची वाढ थांबते ते नोंदवतात. त्या द्रावणात केराटिन नसतं. २ टक्के ग्लुकोज असतं. ३९७ व्या जागेवर बदल झालेली बुरशी या चाचणीत लगेच पकडली जाते, कारण तो बदल तिच्याबरोबर सगळीकडे जातो, साखरेत आणि कातडीतही. कातडीतल्या खाण्यावर, तिथल्या पीएचवर आणि तिथे मिळणाऱ्या औषधाच्या मात्रेवर जागी होणारी जनुकं त्या गोड पाण्यात जागी होतीलच, याची हमी नाही. अहवालात औषध लागू पडेल असं आलं आणि तरी नायटा गेला नाही, तर त्यामागे बरीच साधी कारणं असतात. गोळ्या मध्येच सोडलेल्या असतात, चादर तीच असते, किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला झालेला नायटा तसाच असतो. ती सगळी तपासून झाली, की त्या २ टक्के ग्लुकोजचाही विचार करायला हरकत नाही.